बोट दाखवलेलं कोहळं

कंपाउंडच्या भिंतीवर कोहळ्याचा वेल चढला, की मी त्या बाजूची खिडकी लावून घेते. सूनबाई दर वर्षी म्हणते, "आई, वारा तिकडूनच तर येतो." येत असेल. भादव्यातल्या त्या वाऱ्याला कोहळ्याच्या पानांचा खरखरीत, हिरवट वास असतो. तो नाकात शिरला, की मी वर्ध्यातल्या या पंख्याखालच्या पलंगावर राहत नाही. सेलूच्या पलीकडच्या आमच्या गावात, मायच्या सांदवाडीत जाऊन उभी राहते. तिथे जायला वेळ लागत नाही. परत येणं मात्र या वयात फार जड जातं.

खरं म्हणजे हा वेल कोणी लावत नाही. भाजी चिरताना बिया फेकल्या जातात, मृगाचं पाणी पडतं आणि आठ दिवसांत दोन जाड पानं डोकं वर काढतात. "कोहळ्याले लाज नसते," माय म्हणायची, "बलावा नाईतर नोका बलावू, ते येतेच." तिकडे पुण्या-मुंबईत ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमचं कोहळं. त्याची भाजी आम्हाला चालते, पण जीव असतो तो बोंडांवर. कोहळं किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून तळलेली गोड बोंडं. मी ती खाणं सोडलं त्याला आता किती वर्षं झाली, ते मोजत बसत नाही.

सांदवाडी म्हणजे घराची मागची भिंत आणि काट्यांचं कुंपण यांच्यामधली चिंचोळी जागा. बाबा शाळामास्तर, शेतीवाडी नाही, तेव्हा मायची सगळी जमीन ती एवढीच. पण तिच्यात काय नव्हतं! पावसाळ्यात कुंपणावर दोडकी, काकड्या, चवळी. गोठ्याच्या छपरावर कोहळं. थंडी पडली की वांगी, वाल, सांबार आणि भेदरं. सांबार म्हणजे कोथिंबीर आणि भेदरं म्हणजे टोमॅटो, हे मला पुढे नोकरीत बाहेरगावच्या बायकांना समजावून सांगावं लागायचं, म्हणून इथेही सांगून टाकते. उन्हाळ्यात सारं करपायचं. आमच्याकडचा उन्हाळा कोणाची भीड ठेवत नाही. तरी मोरीच्या पाण्यावर अळू तग धरायचं, आणि रांजणाच्या बुडाशी, जिथे ओल झिरपते तिथे, पुदिना. मायच्या हाताचा वास घेऊन मी डोळे मिटून महिना सांगायची. वालाच्या शेंगांचा उग्र वास आला की पौष, पुदिन्याचा आला की वैशाख. माझं पंचांग तेच होतं.

त्या सांदवाडीचे कायदेही होते. दिवा लागल्यावर पानाला हात लावायचा नाही. विटाळशीनं वेलाखालून जायचं नाही. आणि सगळ्यांत कडक कायदा म्हणजे वेलावरच्या कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की फळ सडतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेरानं दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलंच, तर ते लागलीच दातांखाली धरायचं, म्हणजे दोष निघून जातो. आमच्याकडे शेजारची शेंबडी पोरंसुद्धा काकडी मागताना बोटाचा आकडा करून मागत.

माझी मोठी बहीण कमळ मात्र या कायद्याची टर उडवायची. सरळ बोट हळूहळू वेलाजवळ न्यायची, माय "कमळे!" म्हणून ओरडली की झटकन मुडपायची आणि खो खो हसायची. मधली दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून ती माझ्याहून बरीच मोठी. माझ्या वेण्या तीच घालायची, आणि घालता घालता माझ्याच हातून कोवळ्या चवळीच्या शेंगा खायची. भाकरीवर सांबार-मिरचीचा ठेचा घेऊन ती दारात उभ्यानं जेवायची. "बस ना व बाई, पाटावर," माय म्हणायची. "बसली का पोटात कमी जाते," असं तिचं उत्तर. तिचं लग्न हिंगणघाटाकडे वडनेरला झालं. घर कापसाचं, माणसं चांगली होती. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण पुढे पुष्कळ दिवस मला त्यांचा राग होता.

त्या भादव्यात कमळ महालक्ष्म्यांना माहेरी आली. तिला पाचवा महिना सरत होता. तिचा चेहरा भरला होता आणि चाल बदलली होती. मी चौथीत होते. मला वाटलं, ती आता मोठ्या बायकांतली झाली, माझ्या वेण्या घालणार नाही. पण आल्या आल्या तिनं फणी मागितली. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. त्या दिवसांत साऱ्या आळीच्या बायका आमच्या सांदवाडीत येऊन हक्कानं काहीबाही तोडून न्यायच्या. शेजारची वच्छलामावशी कोहळ्याची पानं घ्यायला आली. कमळ मागच्या दाराच्या चौकटीला टेकून काकडी खात उभी होती. माय छपराखाली होती, पदर खोचलेला, दोन्ही हात मातीचे.

"काय व, यंदा कोहळं धरलं का नाई?" वच्छलामावशीनं विचारलं.

"धरलं तं! यंदा माह्याकडं दोन कोहळे हायेत," माय म्हणाली. "एक हे..." आणि तिनं छपरावरच्या, नारळाएवढ्या झालेल्या फळाकडे हात केला. "अन् एक हे!" तोच हात तसाच वळला आणि कमळच्या पोटाशी येऊन थांबला.

"माय! काहीबी बोलते!" म्हणत कमळनं तोंडात पदर कोंबला. वच्छलामावशी तर हसून हसून खालीच बसली. तिच्या ओच्यातली पानं सांडली. मीही हसले, सगळ्या हसतात म्हणून. एवढी मोकळी हसलेली माय मी आधी पाहिली नव्हती, नंतर तर नाहीच. मुलगी पोटुशी, वेलावर फळ, सणाचं घर. तिला आणखी काय हवं होतं? त्या हसण्यात बोट सरळ राहिलं होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

कमळ परत जायला निघाली तेव्हा दमणीत बसता बसता म्हणाली, "माय, ते कोहळं तोडू नोको व. मी बाळंतपणाले आली का त्याचेच बोंडं करजो."

"हाव, तुह्यासाठीच ठेवतो," माय म्हणाली. बैल चालू लागले, तरी ती दमणीमागे वेशीपर्यंत गेली. त्याच दिवशी तिनं छपरावर चढून फळाखाली गवताची चुंबळ ठेवली आणि देठाला चिंधी बांधली. ज्या फळाला चिंधी, त्याला कोणी हात लावत नसे.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी मागच्या पायरीवर पाटी घेऊन बसले होते. माय शिडीवर होती. बराच वेळ ती हलली नाही. मग तिनं ते कोहळं पदरात घेऊन खाली आणलं. बुडाशी ते काळं, ओलं पडलं होतं. पदर भिजला होता आणि आंबूस वास सुटला होता. तिनं ते कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात टाकलं, वरून माती लोटली. मग ती उभी राहिली, उजव्या हाताचं बोट तोंडात धरलं आणि चावलं. सोडलंच नाही. मी जवळ गेले तेव्हा दातांची खूण निळी पडली होती.

"माय, काय झालं?"

"काई नाई. पाढे म्हन तू."

मी पाढे म्हणू लागले. ती तशीच उभी होती.

त्यानंतर मायनं जे पेरणं काढलं, त्याला काय म्हणावं? चांगली फुलावर आलेली वांगी उपटली आणि तिथे मेथी टाकली. चवळीच्या जागी शेपू. कुंपणाशी ओवा, हळद आधीच होती. मेथीची एक ओळ मुंग्यांनी नेली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरली. बाबा सांदवाडीत येऊन थक्क झाले. "अवो, एवढी मेथी खाईन कोन?" ते म्हणाले. "बाळंतिणीले लागते," माय मान वर न करता म्हणाली. एक फळ हातचं गेलं होतं, त्याच्या बदल्यात ती सारी वाडी द्यायला निघाली होती. कोणाला द्यायची होती ते तीच जाणे. तिनं कोणाला काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

दसरा झाला आणि सातवा चालू असताना बाबा कमळला आणायला वडनेरला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. मायनं बाज बाहेर काढून ऊन दिलं, गोधड्या धुतल्या, मला कमळच्या शेजारी निजायची ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी सर्विस मोटरचा भोंगा ऐकून मी फाट्यापर्यंत पळत गेले. बाबा एकटेच उतरले.

आमच्याकडे कापूस वेचायला लागण्याआधी शेतात दहीभात ठेवून कपाशीची पूजा करतात. तिला सीतादही म्हणतात. सासरच्यांची इच्छा होती, की यंदा ही पूजा भरल्या पोटाच्या सुनेच्या हातून व्हावी. शेत तसंच भरेल. मग लगेच पाठवतो म्हणाले. बाबा हे सारं समजुतीनं सांगत होते. माय चुलीशी बसून ऐकत होती.

"तिले चार लोकांत काऊन उभी करून राह्यले ते?" ती म्हणाली.

"अवो, मान देऊन राह्यले तिले."

"मान नोको म्हना. माही पोरगी द्या म्हना."

कपाशीला त्या वर्षी बोंडं उशिरा फुटली, पूजा दिवाळीपर्यंत लांबली. तोवर आठवा लागला. आठव्यात गर्भारशीला वेशीबाहेर नेत नाहीत. हाही कायदाच, आणि तो मायचाच होता, आळीतल्या साऱ्या पोरींना तिनं तो शिकवलेला. आता नववा लागेपर्यंत थांबणं आलं. माय रोज सकाळी मेथीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "थांब बाप्पा, इतक्यात फुलू नोको."

मेथी थांबली नाही. मार्गशीर्षाच्या तोंडाशी, दवानं सारी सांदवाडी ओली असताना, वडनेरचा एक माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. माय त्याला ओळखत होती, कमळच्या दिराचा सोबती. तिनं आधी गडव्यात पाणी दिलं. त्यानं गडवा हातात घेतला, पण पाणी प्याला नाही. खाली बघत तसाच धरून राहिला. वडनेराहून आलेला माणूस पाणी पीत नाही, एवढ्यावरूनच मायनं ओळखलं. तिनं गडवा त्याच्या हातून परत घेतला आणि विचारलं, "दोघंबी?"

"हाव, मावशी," तो म्हणाला.

बाळ मुलगा होता. हे मला फार नंतर कळलं.

त्या थंडीत आम्ही बाजारची भाजी खाल्ली. सांदवाडीतली एक काडी मायनं तोडली नाही, कोणाला तोडू दिली नाही. मेथीला पांढरी फुलं आली, मग शेंगा धरल्या. शेपू माझ्या खांद्याइतका वाढला, पिवळ्या छत्र्यांनी भरला. मागचं दार उघडलं की त्याचा वास घरभर व्हायचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तो वास. आमच्या घरात बाळंतीण नव्हती, वास तेवढा होता. मला अजून शेपू सोसत नाही. सूनबाईला वाटतं, आईंना भाजीच आवडत नाही. वाटू दे.

मायनं बाबांना सारं सांगितलं ते त्याच दिवसांत. बोटाचं, चिंधीचं, सडलेल्या फळाचं. बाबा चिडले नाहीत. शाळेत समजावतात तसं त्यांनी समजावलं, की एक माशी असते, ती कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते, अळ्या होतात, फळ सडतं. त्यात बोटाचा काही संबंध नाही. मायनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फळाले माशी बसली," ती म्हणाली. "मंग माह्या कमळीले कोन्ती माशी बसली, सांगा ना."

बाबा उठून अंगणात गेले.

पुढच्या मृगात मायनं पुन्हा कुदळ घेतली. पोट कोणाला सुटलं आहे? दोडकी आली, काकड्या आल्या, वांगी आली. कोहळ्याचं रोप दिसलं की मात्र ती उपटून टाकायची. आणि तिचं बोट, ते त्यानंतर कधी सरळ झालं नाही. मोटर आली हे सांगायला ती आकडा केलेलं बोट करायची. चंद्र पेरानं दाखवायची. लग्नाच्या मांडवात नवरी कुठली म्हणून विचारलं, तर हात पदरात घ्यायची आणि नजरेनं दाखवायची. लोकांना वाटायचं, वातानं बोट धरलं आहे.

मला दिवस गेले तेव्हा मी माहेरी आले. मला वाटलं होतं, माय जवळ घेईल, पोटावरून हात फिरवेल. तिनं एकदाही माझ्या पोटाकडे पाहिलं नाही. ताट पुढे सारायची आणि तोंड भिंतीकडे करून बसायची. कितवा लागला, हे तिनं मला विचारलं नाही, वच्छलामावशीकडून विचारवलं. मी नवऱ्याला लिहिलं, की माझी आई माझ्याशी अशी वागते जशी मी कोणी परकी. रात्रंदिवस मला एकच बोचत होतं, की कमळसाठी सारी वाडी आणि माझ्यासाठी भिंत. मुलगा झाला, सुखरूप झाला. बाराव्या दिवशी माय बाजेपाशी आली आणि तिनं बाळाच्या गालाला मुडपलेल्या बोटाचं पेर टेकवलं. मग माझ्या पायाशी बसून जी रडली, की मी घाबरले. तेव्हा तिनं मला सांगितलं, की आपलं बोट, आपली नजर माझ्या पोटाला लागू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची. मी शिकलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. मी बाबांचंच सारं परत सांगितलं, माशी आणि अळ्या आणि आठव्या महिन्यातली बाळंतपणं. तिनं माझ्या पायावर थोपटलं.

"तुमच्या पुस्तकातलं खरं असन व बाई," ती म्हणाली. "पन बोट माह्यं होतं."

ते बोट घेऊनच ती गेली. तिला तिरडीवर ठेवलं तेव्हा बायकांनी हात सरळ केले. ते एक बोट झालं नाही.

यंदा माझी नात मुक्ता बाळंतपणाला आली. आल्या आल्या तिनं माझी खिडकी उघडली. "आजी, किती कोंडून घेतेस!" म्हणाली, आणि मग बाहेर पाहून आनंदानं ओरडली, "अगं, ते बघ! केवढं गोंडस कोहळं!" तिचं बोट सरळ होतं, नखाला लाल रंग लावलेलं. दुसरा हात पोटावर होता.

"बोट!" मी किंचाळले.

"काय झालं, आजी?"

काय सांगणार होते मी? मुंगळे असतात तिकडे, असं काहीतरी बोलले. ती हसली. "आजी, खिडकीतून चावतील का?" मी तिला बोट दातांत धरायला सांगू शकले नाही. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं होतं ना.

पण त्या दिवसापासून मी खिडकी लावली नाही. रोज पहाटे काठी टेकत भिंतीशी जायचे आणि त्या फळाच्या बुडाखाली हात घालून पाहायचे. ओल लागते का, मऊ लागतं का. घरातल्यांना वाटलं, म्हातारीला बागेचा नाद लागला. माझा जीव मात्र त्या बुडाशी असायचा. माशी बसलेली दिसली की मी पदरानं हाकलायची, आणि माशी हाकलताना माय आठवायची. कोहळं वाढत गेलं. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं भगवं झालं, साल टणक झाली, नख रुतेना. आणि दिवाळीनंतर मुक्ताला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या.

मुलानं वेलावरून कोहळं काढलं. आमच्याकडे बायका कोहळ्याला पहिली सुरी लावत नाहीत, म्हणून त्यानंच चिरलं. आतून ते लखलखीत, घट्ट निघालं, कुठे डाग नाही. सूनबाईनं बोंडं तळली. घरभर गुळाचा वास, पाळण्यात बाळ, सगळे बोलत होते, हसत होते. कोणीतरी माझ्या हातावर एक गरम बोंड ठेवलं. मी ते तोंडाजवळ नेलं आणि मला हुंदका आवरेना.

"आजी, आता काय झालं रडायला? सगळं चांगलं झालं ना?" मुक्ता म्हणाली.

चांगलं झालं म्हणूनच रडत होते. ते सडलं नव्हतं. सरळ बोट दाखवलं होतं, दुसरा हात पोटावर असताना दाखवलं होतं, आणि दोन्ही सुखरूप होती. मग माझ्या मायनं उभा जन्म जे वाहिलं ते कशासाठी? दुसऱ्या लेकीच्या पोटावर हात ठेवायचा राहिला तो कशासाठी? माय, नाई सडलं व. तुह्यं बोट नव्हतं. हे मी पुस्तकातलं सांगून नाई राह्यली, डोयानं पाह्यलं. एवढंच मला तिला सांगायचं होतं, आणि ऐकायला माय नाही.

मुक्तानं डोळे पुसले माझे आणि बाळ आणून मांडीवर ठेवलं. "हिला हात लाव ना, आजी. आल्यापासून घेतलंच नाहीस तू तिला." बाळ झोपेत ओठ हलवत होतं. मी हात पुढे केला आणि तिच्या गालाला लावला. मग पाहिलं, तर माझंही बोट मुडपलेलंच होतं.